मधले तीन फूट

बार्शी लाईट या आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर होतं. त्याच वाटेवर आज जे रूळ आहेत त्यांच्यातलं अंतर साडेपाच फूट आहे. मधले तीन फूट वाढायला शंभराहून अधिक वर्षं गेली. देशाच्या रेल्वेचं आधुनिकीकरण म्हटलं की बोलणं लगेच वेगाकडे वळतं. वंदे भारत किती पळते, बुलेट ट्रेन कधी येणार, मुंबईहून अहमदाबाद किती तासांत. माझ्या मनात मात्र कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज ही नावं येतात. भारतीय रेल्वेच्या सुधारणेचा सगळा प्रश्न या एका आडबाजूच्या वाटेत मावलेला आहे, असं मला वाटत आलंय.

मी शाळेत होतो तेव्हा मिरजेला रुळांच्या तिन्ही रुंद्या, म्हणजे तिन्ही गेज, नांदत होती. पुण्याहून आणि कोल्हापूरहून येणारी मोठी ब्रॉडगेज गाडी, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडून येणारी आमची छोटी नॅरोगेज गाडी. माझे थोरले मामा तिथल्या मालधक्क्यावर हमाल होते. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन गेलो की मी तिथेच रेंगाळायचो. धक्क्याच्या एका अंगाला छोट्या गाडीचे डबे, दुसऱ्या अंगाला मोठ्या गाडीचे. या डब्यातलं पोतं काढायचं, त्या डब्यात रचायचं. लातूर-बार्शीकडून डाळ यायची, पेंडीची पोती यायची, ती इथे उतरायची. गुळाच्या ढेपा उलट्या वाटेने तिकडे जायच्या. उन्हाळ्यात गूळ पाघळायचा. गोणपाटातून झिरपून तो मामांच्या मानेवर उतरायचा, त्यावर धूळ बसायची, माश्या बसायच्या, आणि दोन्ही हात ओझ्याला लावलेले असल्यामुळे त्या हाकलता यायच्या नाहीत. संध्याकाळी नळाखाली बसून ते मान घासायचे तेव्हा पाणी तांबूस होऊन वाहायचं.

"एकच पोतं किती जणांच्या मानंवरनं जातंय बघ," मामा म्हणायचे. "शेतकऱ्यानं एकदा उचललं, व्यापाऱ्याच्या माणसानं एकदा, कुर्डुवाडीत एकदा, हितं मी. आन् खाणाऱ्याच्या घरी जास्तोवर त्यातलं पावशेर सांडलेलं."

गेज बदलतं म्हणजे काय, हे मला त्या मानेवरून कळलं. पुढे पुस्तकांत त्याला मोठमोठी नावं भेटली. वाहतुकीचा खोळंबा, मालाची नासाडी, वाढीव खर्च. सगळं खरंच होतं. या गेजचा डबा रिकामा असला तरी तो त्या गेजच्या कामाचा नाही, इंजिन मोकळं असलं तरी ते पलीकडे जाऊ शकत नाही, आणि मोठ्या गाडीचा डबा येईपर्यंत छोट्या गाडीतला माल दोन-दोन दिवस तसाच पडून.

हे असं झालं ते काटकसरीतून. डलहौसीने हिंदुस्थानसाठी साडेपाच फुटांचा रूळ मुक्रर केला होता. १८७०च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत सरकारला तो खर्च जड वाटू लागला आणि मीटरगेज आलं. ज्या भागातून उत्पन्नाची आशा त्याहूनही कमी, तिथे आणखी अरुंद रूळ. मुलखाची ऐपत पाहून रुळांची रुंदी ठरत गेली. कोरडवाहू मुलखाच्या वाट्याला अडीच फूट आले.

पण त्या अडीच फुटांमागे एक मोठा कल्पक माणूस होता, आणि त्याच्याबद्दल लिहिताना मला नेहमी आनंद होतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर जीआयपी रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आला. त्याने बार्शीचा बाजार पाहिला, पंढरीची वारी पाहिली, आणि मुख्य मार्गापासून एकवीस-बावीस मैलांवर असलेलं हे व्यापारी गाव बैलगाड्यांवर अवलंबून आहे हे त्याच्या मनाने घेतलं. १८९५ साली त्याने लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली. हलक्या रुळांवरून जास्तीत जास्त माल कसा न्यायचा, हा त्याचा ध्यास. त्याने इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर बांधून घातला, म्हणजे वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं जाईल आणि स्वस्तातला हलका रूळही ते पेलेल. डबे हिंदुस्थानात पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ खास रूळ टाकून त्यांची जाहीर चाचणी घेतली. १८९७ मध्ये गाडी बार्शीला पोहोचली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. दोनशे मैलांची ही रेल्वे तिच्या काळात जगभरच्या नॅरोगेज अभियंत्यांसाठी अभ्यासाचा विषय होती. हाच कॅलथ्रॉप पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांचे प्राण वाचवणाऱ्या हवाई छत्रीच्या मागे लागला. वजन आणि जीव, या दोन गोष्टींचा विचार त्याने आयुष्यभर केला असं दिसतं.

त्याची रेल्वे माझ्या आजीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चमत्कार होती. तिच्या सासूने पंढरपूर पायी गाठलेलं. आजी आगगाडीने गेली. तिच्या तरुणपणी आषाढीला माणसं डब्यात मावेनाशी झाली की मालाच्या वाघिणींतही भरायची, आणि तरीही फलाटावर तेवढीच उरायची, असं ती सांगायची. आत अंधार, उकाडा, कुणाच्या तरी पखवाजाचा कोपरा पाठीत रुतलेला, पण एकाने अभंग धरला की सगळी वाघीण धरायची. चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवेपर्यंत तिला थकवा जाणवत नसे. मी तिच्याबरोबर गेलो ती गाडी वाघिणीची नव्हती. फळ्यांचे बाक होते. तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलो होतो आणि सांगोल्याला उठलो तेव्हा फळीच्या फटीचा ठसा माझ्या गालावर उमटलेला होता. तो ठसा पाहून आजी हसली आणि पदराने गाल पुसत राहिली, जणू पुसल्याने तो जाणार होता.

१९५४ साली ही कंपनी सरकारने ताब्यात घेतली. मग तिचं म्हातारपण सुरू झालं. कॅलथ्रॉपच्या काळात जे नवीन होतं ते तसंच राहिलं, बाजूचं जग मात्र पुढे सरकलं. वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आली एवढाच काय तो बदल. माणसं एसटीकडे वळली, नंतर वडापकडे. वडापच्या जीपच्या टपावर बसून बाजाराला जाणारी माणसं खाली रिकामी पळणारी छोटी गाडी बघायची. ज्यांना वेळ होता आणि पैसा नव्हता तेवढेच तिच्यात उरले. अशा गाडीकडे हिशेब तपासणाऱ्याची नजर गेली की तिचं मरण जवळ येतं. ब्रिटनमध्ये १९६३ साली डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला आणि त्यानंतर तोट्यातल्या हजारो मैलांच्या शाखा आणि दोन हजारांहून अधिक स्थानकं बंद करण्याचा सपाटा लागला. ज्या गावांची गाडी गेली त्यांपैकी कितीतरी गावं आजही ती परत मागत आहेत, आणि मोडून टाकलेले काही मार्ग तिथे पुन्हा बांधावे लागले आहेत. आपल्याकडेही छोट्या मार्गांबद्दल हा विचार वेळोवेळी झालाच. बार्शी लाईटचं तसं झालं नाही, हे आमचं भाग्य.

१९९२ मध्ये जाफर शरीफ रेल्वेमंत्री असताना देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्या वेळी देशात सुमारे २३ हजार किलोमीटर मीटरगेज आणि चार हजार किलोमीटर नॅरोगेज होतं. एवढ्या लांबीचे रूळ उखडून, पूल मजबूत करून, बोगदे मोठे करून, वळणं सरळ करून पुन्हा टाकायचे, तेही चालू रेल्वेत. स्वातंत्र्यानंतर रेल्वेने केलेल्या कामांत मला हे काम सगळ्यात मोठं वाटतं. कोकण रेल्वेचे बोगदे आणि पानवलचा पूल पाहायला माणसं मुद्दाम जातात. गेज बदललेला रूळ पाहायला कुणी जात नाही, कारण काम पुरं झालं की तिथे पाहण्यासारखं काही उरतच नाही. गाडी न थांबता पुढे जाते एवढंच.

आमच्या वाटेवर काम तुकड्यातुकड्यांनी झालं. आधी कुर्डुवाडी ते पंढरपूर. मग २००७-०८ मध्ये लातूरपासून उस्मानाबादमार्गे कुर्डुवाडीपर्यंत. जुन्या मार्गाने ज्या जिल्ह्याच्या गावाला इतकी वर्षं बाजूला ठेवलं होतं, त्या आजच्या धाराशिवला वळसा घेऊन नवा रूळ गेला. शेवटी पंढरपूर-मिरज. एकेका टप्प्यात रूळ उखडलेले असायचे आणि वर्षानुवर्षं गाडी नसायची. उखडलेल्या वाटेवर बाभळी उगवल्या. "आता काय येत न्हाई गाडी," असं आजी म्हणायची, आणि ती गेली तेव्हा खरोखरच आलेली नव्हती.

मग २०१६चा उन्हाळा आला.

त्या वर्षी लातूरमध्ये नळाला महिनामहिना पाणी नव्हतं. टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. ११ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून एक गाडी निघाली. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन आणलेल्या त्या टाक्या होत्या. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव असा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोहोचली. फलाटावर पहाटेसुद्धा माणसं उभी होती. काही दिवसांत पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. एका खेपेला पंचवीस लाख लिटर.

आता हिशेब करून पाहा. पन्नास हजार लिटर पाणी म्हणजे पन्नास टन. चार आसांवर वाटलं तर नुसत्या पाण्याचाच भार प्रत्येक आसावर साडेबारा टन, टाकीचं लोखंडी वजन वेगळं. कॅलथ्रॉपच्या रुळांची ताकद पाच टनांची. जुना रूळ राहिला असता तर ही गाडी मिरजेच्या बाहेर पडलीच नसती. १९९२ साली ज्यांनी गेजबदलाच्या कागदांवर सह्या केल्या त्यांच्यापुढे सिमेंट होतं, खत होतं, साखर होती. चोवीस वर्षांनी त्याच रुळांवरून एका शहराची तहान भागणार आहे, हे त्यांच्यापैकी कुणाच्याही स्वप्नात नसणार. सार्वजनिक कामावर माझी श्रद्धा आहे ती यासाठी. रूळ रुंद केला की त्यावरून पुढे काय काय जाईल हे आधी सांगता येत नाही. आज फायद्याचं गणित जमत नाही म्हणून जे टाळलं जातं, ते उद्याच्या कुठल्या संकटात लागणार आहे, हे कोण सांगणार?

मामांच्या मानेवरचं ओझं गेजबदलाने उतरवलं. गुळाची ढेप आता मिरजेला उतरवावी लागत नाही. पण ओझं उतरलेल्या त्या माणसांचं पुढे काय झालं, हेही त्याच दमात विचारायला हवं. मामा तोवर थकले होते. त्यांच्याबरोबरचे काही जण मार्केट यार्डात गेले, काही बांधकामावर. कुणी त्यांना बोलावून सांगितलं नाही की, बाबांनो, इथलं काम अमुक साली संपणार आहे, तुमच्यासाठी हे दुसरं काम शोधलंय. रुळांचा आराखडा दहा-दहा वर्षं आधी तयार होतो. माणसांचाही तसाच तयार व्हायला पाहिजे होता, होऊ शकत होता. हे मी कडवटपणाने म्हणत नाही. मामाही कडवट नव्हते. ते म्हणायचे, "पोरं तरी उचलनार न्हाईत, तेवढं झालं."

रेल्वे सुधारणेचा इतिहास लिहिताना माणसं आयोगांची आणि समित्यांची यादी देतात. मी त्या इतिहासात दोन इंचांना फार वरचं स्थान देईन. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. राजापूरचे खासदार, कोकणच्या माणसांनी निवडून दिलेले समाजवादी. तिसरा वर्ग तीन वर्षांपूर्वी, १९७४ मध्ये, कागदावरून रद्द झाला होता. पण दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळीच होती. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घातला. पहिल्या वर्गाची गादी काढायची नाही, दुसऱ्या वर्गाची फळी मऊ करायची, ही त्यांची सुधारणेची कल्पना. दोन वर्षांचं मंत्रिपद. तेवढ्यात आरक्षणाच्या संगणकीकरणाची तयारी त्यांनी सुरू केली, आणि पुढे केंद्रात अर्थमंत्री असताना, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, कोकण रेल्वेला १९९० साली जन्म दिला. ई. श्रीधरन यांच्यासारखा माणूस तिला लाभला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ती देशाला अर्पण झाली. पण मला विचाराल तर त्या सगळ्यापेक्षा ते दोन इंच मोठे. त्या दोन इंचांवर आजवर किती कोटी पाठी टेकल्या असतील. नोकरीच्या मुलाखतीला निघालेली, मुंबईच्या टाटा रुग्णालयात आईला घेऊन निघालेली, बाळंतपणाला माहेरी चाललेली माणसं. गालावर फळीचा ठसा न उमटता ती उठली.

म्हणून आज सुधारणेची बातमी आली की मी इंच शोधतो. कुणाच्या पाठीखाली, कुणाच्या पायाखाली किती आले?

आमच्या वाटेवरच्या लहान स्थानकांवर कितीतरी ठिकाणी फलाट अजून जमिनीबरोबर आहे. ब्रॉडगेजचा डबा उंच असतो. छोट्या गाडीत आजी एका पायरीत चढायची. आता तिच्या वयाची बाई पहिल्या पायरीला गुडघा छातीशी आणते, दांडा धरते, मागून सून ढकलते, वरून कुणीतरी हात देतं, तोवर शिट्टी झालेली असते. खाली गाठोडं उरतं. सलगऱ्याला, जवळ्याला, ढालगावला कुठेही अर्धा तास थांबा, हे दिसेल. रेल्वेच्या नियमात उंच फलाट रुळापासून किमान ७६० मिलिमीटर वर असतो. आणि कॅलथ्रॉपच्या दोन रुळांमधलं अंतर होतं ७६२ मिलिमीटर. हे दोन आकडे पहिल्यांदा शेजारी शेजारी पाहिले तेव्हा मी कितीतरी वेळ तिथेच अडकलो. रूळ आम्ही तीन फुटांनी आडवे वाढवले. आता जुन्या रुळाच्या रुंदीएवढाच फलाट उभा वाढवायचा राहिलाय.

करोनाच्या टाळेबंदीनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या विशेष गाड्या म्हणून. पॅसेंजरला एक्सप्रेसचं नाव आणि एक्सप्रेसचं भाडं लागलं. जिथे दहा रुपयांत बसता येत होतं तिथे तीस रुपये. डबे तेच, वेग जवळपास तोच. हे भाडं २०२४च्या फेब्रुवारीत परत खाली आलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं, पण मधली जवळजवळ चार वर्षं भाजीची पाटी घेऊन सांगोल्याहून पंढरपूरला जाणाऱ्या बाईने ते वीस रुपये रोज कुठून आणले असतील? ज्येष्ठ नागरिकांची सवलतही मार्च २०२० मध्ये थांबली. त्याआधी अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना निम्म्या भाड्यात प्रवास होता. वारीच्या गाडीतली माणसं मोजली तर तिच्यात त्या वयाच्या बायका किती निघतील, याचा अंदाज पंढरपूरच्या फलाटावर एकदा उभं राहिलेल्या कुणालाही करता येईल. रेल्वे चालवायला पैसा लागतो हे मला मान्य आहे. प्रवासी भाड्यातला तोटा मालवाहतुकीतून भरून काढावा लागतो, त्यामुळे मालाचं भाडं चढतं आणि माल ट्रककडे जातो, हेही खरं. पण तो हिशेब जुळवताना पहिला हात सगळ्यात जुन्या गुडघ्यांवर पडावा, हे मला मान्य नाही.

माझा मामेभाऊ, आमचा दादा, रुळांवर कीमन आहे. पहाटे हातोडा, पाना, लाल-हिरवे झेंडे आणि खांद्याच्या पिशवीत फटाके घेऊन तो निघतो. हे फटाके म्हणजे पुढे धोका असेल तर रुळावर लावायचे, चाकाखाली आले की त्यांचा बार होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. काही किलोमीटरचा पट्टा त्याचा. प्रत्येक स्लीपरच्या क्लिपा बघत चालायचं. ढिली दिसली की ठोकायची. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात रूळ तापून पसरतो. पूर्वी दोन रुळांत फट असायची, आता लांबच लांब जोडलेला रूळ असतो, त्याला पसरायला जागा कमी. खडी नीट दाबलेली नसेल तर तो बाजूला वाकतो. भर दुपारी दादा ती खडी पाहत चालतो.

"डिझेलचा आवाज लांबनं यायचा," तो मला म्हणाला. "ह्या इलेक्ट्रिक गाडीचा येतच न्हाई. वारा उलटा आसला तर ती मागं आल्यावरच कळतंय."

मी त्या दिवशी बराच वेळ गप्प होतो. मध्य रेल्वेच्या विद्युतीकरणाचा मला केवढा अभिमान! ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच रेल्वेवर, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत, देशातली पहिली विजेची गाडी धावली. आणि २०२३च्या फेब्रुवारीत मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेजचा विजेविना राहिलेला अखेरचा तुकडा पुरा झाला तो औसा रोड ते लातूर रोड, म्हणजे आमच्याच अंगणात. मुंबईपासून इथवर यायला विजेला अठ्ठ्याण्णव वर्षं लागली, तरी ती आली. धूर गेला, डिझेलचा खर्च गेला. त्याच विजेने रुळावरच्या माणसाचा कान मात्र काढून घेतला. त्याच्या कानाच्या जागी काय द्यायचं, हे विजेच्या खांबांइतक्याच तातडीने ठरायला हवं होतं. गाडी जवळ येताच हातातलं यंत्र थरथरेल अशी सोय आजच्या काळात अवघड नाही. ती प्रत्येक कीमनच्या, प्रत्येक ट्रॅकमनच्या हाती पोहोचली पाहिजे.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीने २०१२ साली हेच दाखवून दिलं होतं. अणुशक्ती खात्यात आयुष्य घालवलेल्या या शास्त्रज्ञाने रेल्वेकडे पाहिलं आणि त्याला आधी मेलेली माणसं दिसली. रूळ ओलांडताना वर्षाला जवळजवळ पंधरा हजार मृत्यू, त्यांतले सहा हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, आणि कामावर असताना मरणारे रेल्वेचे स्वतःचे कर्मचारी. समितीने पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये खर्चून सिग्नल यंत्रणा, फाटकं आणि डबे सुधारायला सांगितलं. त्यातलं काही झालं, आणि ते मनापासून सांगायला हवं. २०१७ मध्ये सुरक्षेसाठी वेगळा कोष उभा राहिला. २०१९च्या सुरुवातीपर्यंत ब्रॉडगेजवरची रखवालदार नसलेली फाटकं संपली. दर वर्षी ट्रॅक्टरसकट चिरडल्या जाणाऱ्या कुटुंबांच्या बातम्या त्याबरोबर थांबल्या. जुन्या डब्यांच्या जागी अपघातात एकमेकांवर न चढणारे एलएचबी डबे येत आहेत. कवच नावाची यंत्रणा, जी ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला तर स्वतः ब्रेक लावते, मराठवाड्यातून जाणाऱ्या मनमाड-मुदखेड पट्ट्यापर्यंत पोहोचली आहे. पण २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ सिग्नलच्या दुरुस्तीत झालेल्या चुकीने पावणेतीनशेहून अधिक माणसं गेली. त्या रात्री सगळा देश एका वायरीच्या जोडणीपाशी येऊन थांबला होता. सगळ्यात आधुनिक यंत्रणासुद्धा शेवटी दुपारच्या उन्हात पेटीसमोर उकिडव्या बसलेल्या एखाद्या माणसाच्या हातात असते. त्याला झोप मिळाली होती का, त्याच्याबरोबर दुसरा माणूस होता का, मधल्या वेळेत गाड्या थांबवायची परवानगी त्याला मिळाली होती का? रेल्वेच्या सुधारणेत हे प्रश्न पहिल्या पानावर असले पाहिजेत. रिक्त जागा भरणं हीसुद्धा सुरक्षेची यंत्रणाच आहे.

लातूरला आता रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. ज्या गावाला पाणी रेल्वेने आणावं लागलं, तिथे रेल्वेचे डबे व्हायचे, हा विचार मला हुरूप देतो. २०१८ मध्ये पायाभरणी झाली, २०२०च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. तिथे वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधायच्या आहेत. जरूर बांधाव्यात. पण ३० डिसेंबर २०२३ रोजी अमृत भारत नावाची आणखी एक गाडी देशात सुरू झाली आहे, बिनवातानुकूलित, साध्या शयनयानाची आणि सर्वसाधारण डब्यांची, दोन्ही टोकांना इंजिन असलेली. तिच्यात सामानाच्या फळीवरसुद्धा गादी आहे, कारण गर्दीत त्या फळीवर माणूसच झोपतो हे कुणीतरी अखेर मान्य केलं. त्या गादीची बातमी वाचली तेव्हा मला दंडवते आठवले.

तशी एक गाडी लातूरहून मिरजेपर्यंत, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला करत, मधल्या लहान स्थानकांवर थांबत, रोज धावावी, अशी माझी मागणी आहे. ती मी कुर्डुवाडीला लेखी दिली आहे, सोलापूरला दिली आहे, आणि पुन्हा देणार आहे. तिच्यासाठी नवा मार्ग टाकायचा नाही, पूल बांधायचा नाही. रूळ साडेपाच फुटांचे आहेत, वर वीज आहे, डब्यांचा कारखाना मार्गाच्या टोकाला आहे. फलाट ७६० मिलिमीटर उचलायचे, वृद्धांची सवलत परत सुरू करायची आणि वेळापत्रकात सलगरे, ढालगाव, जवळा यांच्यापुढे दोन मिनिटांचा थांबा लिहायचा. आषाढीच्या आत झालं तर आणखी बरं.